पाचवी चिमणी



मत्तयकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू शिष्यांच्या मनातली भीती घालवताना चिमण्यांचा दाखला देतो. हा उतारा आपण मिस्सामध्ये दर तीन वर्षांनी ऐकतो आणि आम्ही त्यावर दर तीन वर्षांनी प्रवचन देतो. देवाला चिमणीचीही काळजी आहे, मग तुमची का नसेल, असे सांगून आम्ही वेदीकडे वळतो. यंदा मात्र हा उतारा वाचताना आम्हाला चिमणी आठवत नाही. वसईच्या किनाऱ्यावर पडलेला एक मोठा पांढरा पक्षी आठवतो.

गेल्या सप्टेंबरात आपल्या धर्मग्रामातील चौदा जणांना घेऊन आम्ही वांद्र्याच्या मोत मावलीच्या यात्रेला गेलो होतो. त्या यात्रेची हकिगत पत्रिकेत छापून आली. गर्दी, मेणबत्त्या, नवस, समुद्र पहिल्यांदाच पाहणाऱ्या आपल्या दोन आजीबाई, सगळे त्यात होते. एक गोष्ट मात्र नव्हती. ती विसरलो म्हणून राहिली नव्हती, ती आम्हीच लिहिली नव्हती. ती आज सांगायची आहे.

गाडी भाड्याची, सतरा सीटांची ट्रॅव्हलर. निघण्यापूर्वी चर्चच्या आवारात तिला आशीर्वाद दिला, पवित्र पाणी शिंपडले, आरशाला रोझरी बांधली. सरकारने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा फोटोत पलंग आणि स्वयंपाकघर असलेल्या गाड्या दाखवल्या होत्या. आमची कॅरॅव्हॅन म्हणजे मागच्या सीटखाली स्टोव्ह, टपावर चटया आणि खिडकीच्या दोरीवर वाळत घातलेले टॉवेल. लॉजचे भाडे परवडणारे नव्हते, म्हणून दोन रात्री बायाबापड्यांनी एका धर्मग्रामाच्या सभागृहात आणि पुरुषांनी गाडीतच काढायचे ठरले होते.

समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजा ओलांडले आणि गाडी कुरकुर करू लागली. तशी मोठी बाब काहीच नव्हती. सरकता दरवाजा नीट बसत नव्हता. तो दोरीने बांधला. पुढे रेडिएटरच्या होज पाइपमधून पाणी थेंब थेंब गळू लागले. चालकदादांनी त्याला कापड गुंडाळले आणि दर तासाने थांबून पाणी भरायचे ठरले. तेव्हापासून गाडीत दुसरा विषयच नव्हता. काटा वर गेला का? वास येतोय का? खालून खडखड कसली येते? स्तोत्रे म्हणतानाही सगळ्यांचा एक कान बॉनेटकडे. आम्ही स्वतः रोझरीची एक माळ पूर्ण केली आणि तिसऱ्या रहस्यानंतर काय म्हटले ते आम्हाला सांगता येणार नाही.

या काळजीला कोणी हसू नये. 1 जुलै 2023 च्या पहाटे याच रस्त्यावर, सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे खासगी बस उलटून पेटली आणि 25 माणसे गेली. त्यांच्यातल्या बहुतेकांचे सामुदायिक अंत्यसंस्कार आपल्या बुलढाण्यातच झाले. आपल्या जिल्ह्यातला माणूस गाडीत बसताना ती पहाट विसरू शकत नाही. चौदा जणांचा जीव ज्याच्या भरवशावर गाडीत बसला आहे, त्याने होज पाइपकडे पाहिलेच पाहिजे. तेव्हा काळजी केली हा आमचा अपराध नव्हे.

मोत मावलीचे दर्शन घेऊन आम्ही रात्री वसईला पोहोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर गेलो. सुरूची झाडे, बंद पडलेल्या भेळेच्या गाड्या, रविवारी मुंबईहून येणाऱ्यांनी टाकलेल्या बाटल्या, आणि भरतीने आणून ठेवलेली एक लांबच लांब रेघ. त्या रेघेत काय नव्हते? चपला, थर्माकोल, जाळ्याचे तुकडे, डांबराचे लहान लहान काळे गोळे. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हे गोळे येतात. खोल समुद्रात जहाजांतून सांडलेले तेल लाटांनी घुसळून घट्ट होते आणि वारा ते किनाऱ्याला लोटतो. आमच्या पायाला एक चिकटला, तो नंतर रॉकेलने काढावा लागला.

चालकदादा मेकॅनिक शोधायला गेले होते. आम्ही गाडीपाशी उभे होतो. इतक्यात आपला चौथीतला वेदीसेवक धावत आला. नाव लिहीत नाही, तुम्हाला कळेलच. म्हणाला, “फादर, तिकडं एक पक्षी हाय. जिवंत हाय. चला ना.”

आम्ही गेलो. बदकापेक्षा मोठा पक्षी होता. अंग पांढरेशुभ्र, पंखांच्या कडा काळ्या, चोच पिवळसर, आणि डोळ्यांभोवती चेहऱ्यावर काळा मुखवटा घातल्यासारखा रंग. वाळूत बसला होता. आम्ही जवळ गेलो तरी हलला नाही. मान एकदा उचलली, आमच्याकडे पाहिले, आणि मान पुन्हा खाली गेली. पोटाकडची पिसे ओली होऊन अंगाला चिकटली होती.

त्याच वेळी मागून हाक आली, “फादर, मेकॅनिक आला!” आम्ही त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “बाळा, आधी गाडीचं बघू. मग याचं बघू.”

गाडीचे बघण्यात तीन तास गेले. मेकॅनिकने पाइप काढला, तो चिरलेला निघाला. नवा आणायला तो स्टेशनकडे गेला. पाइप मिळाला, तर क्लिप लहान पडली. मग क्लिप आणली. आम्ही सगळा वेळ बॉनेटपाशी उभे, जणू आमच्या उभे राहण्याने काम लवकर होणार होते. पाणी भरले, इंजिन चालू केले, वीस मिनिटे थेंब पडतो का ते वाकून पाहिले. पडला नाही. टाळ्या वाजल्या. “प्रभूची स्तुती असो,” असे आम्हीच मोठ्याने म्हणालो.

तेव्हा तो मुलगा तिथे नाही हे लक्षात आले. तो पक्ष्यापाशी बसला होता. पक्षी मेला होता. त्याने आपला टॉवेल त्याच्यावर घातला होता.

शेजारी एक कोळीण मावशी उभ्या होत्या. त्यांनी सांगितले की पावसाळ्यात असे पक्षी येतात, वाऱ्याने येतात, थकून पडतात. थोडे पुढे त्यांनी आणखी दोन दाखवले, लहान, काटकुळे, दुभंगलेल्या शेपटीचे. ते सुरय होते आणि कधीचेच मेलेले होते. मावशींचा आवाज साधा होता, त्यात तक्रार नव्हती. त्या म्हणाल्या, “लोक पुन्हा पाण्यात सोडतात, फादर. वाटतं पाण्याचा आहे, पाण्यात जगेल. बुडूनच मरतो तो.”

परत आल्यावर आम्ही याविषयी वाचले. त्या मोठ्या पक्ष्याला मास्क्ड बूबी म्हणतात. हा खोल समुद्राचा पक्षी. उंचावरून सूर मारून उडणारे मासे पकडतो. जमिनीवर येतो तो फक्त दूरच्या बेटांवर अंडी घालण्यासाठी. नैर्ऋत्य मोसमी वारा दिवसचे दिवस जोरात वाहिला की असे पक्षी किनाऱ्याकडे ढकलले जातात. भक्ष्य मिळत नाही, अंगातली चरबी संपते, पिसे भिजतात, आणि मग ते जिथे जमीन दिसेल तिथे उतरतात. ‘बूबी’ हे नाव स्पॅनिश भाषेतल्या मूर्ख या अर्थाच्या शब्दावरून पडले. माणूस जवळ आला तरी हा उडून जात नसे, म्हणून खलाशांनी त्याला मूर्ख ठरवले! आमच्याकडे मान उचलून पाहणारा तो पक्षी त्या अर्थाने मूर्खच म्हणायचा. भिऊन पळाला नाही.

आणखी एक गोष्ट वाचली ती मनातून जात नाही. समुद्रपक्ष्यांच्या डोळ्यांच्या वर एक ग्रंथी असते. ते समुद्राचे खारे पाणी पितात आणि ती ग्रंथी रक्तातले जास्तीचे मीठ बाहेर टाकते. आम्ही त्या सकाळी समोर एवढा समुद्र असताना रेडिएटरसाठी गोडे पाणी शोधत बादली घेऊन दारोदार फिरलो, कारण खाऱ्या पाण्याने रेडिएटर खराब होतो. माणसाने केलेल्या यंत्राला जे जमत नाही, ते निर्मात्याने त्या डोक्यात, दोन बोटांच्या जागेत बसवले होते. आणि ते डोके पंचवीस पावलांवर वाळूत टेकत होते.

परतीच्या प्रवासात दरवाजाची दोरी धरून तो मुलगा आमच्याच शेजारी बसला होता. इगतपुरीपर्यंत काही बोलला नाही. मग विचारले, “फादर, गाडीसाठी प्रार्थना केली ना आपण, निघताना?” आम्ही हो म्हणालो. “मग त्याच्यासाठी का नाही केली?”

बंधुभगिनींनो, आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो आहोत. उत्तरे देता येतात. त्या वेळी एकही देता आले नाही.

त्यातच वाईट हे, की आठच दिवस आधी, 1 सप्टेंबरला, आम्ही वेदीवरून सृष्टीविषयी बोललो होतो. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्र दिले आणि त्याच वर्षी 1 सप्टेंबर हा दिवस सृष्टीच्या जतनासाठी प्रार्थनेचा म्हणून ठरवला. आम्ही असिसीकर संत फ्रान्सिसांचे नाव घेतले होते, पक्ष्यांना उपदेश करणारे संत म्हणून. प्रवचन चांगले झाले असे दोघातिघांनी सांगितलेही. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात वाटेवरच्या जखमी माणसाला टाळून पुढे जाणारा पहिला कोण होता, हे आम्हाला इथे नव्याने सांगायला नको. तो याजकच होता. त्यालाही कुठेतरी पोहोचायचे असेल.

आता चिमण्यांकडे येऊ. मत्तय लिहितो की दोन चिमण्या एका लहानशा तांब्याच्या नाण्याला मिळत. लूक आपल्या बाराव्या अध्यायात तोच दाखला देतो, पण हिशेब वेगळा आहे: दोन नाण्यांना पाच. आपल्या आठवडी बाजारात जाणाऱ्या कोणालाही हे लगेच कळेल. एका नाण्याला दोन, तर दोन नाण्यांना चार व्हायला हव्यात. पाचवी कुठून आली? ती वर घातलेली. भाजीवर कोथिंबीर टाकतात तशी. तिला किंमतच नाही. गरिबाच्या जेवणाची ती चिमणी, आणि तिच्यातही ही फुकटची. प्रभू येशू सांगतो की पित्याला हिचाही विसर पडत नाही. इतकी वर्षे आम्ही हा उतारा माणसाची किंमत सांगण्यासाठी वापरला, आणि ती किंमत प्रभूने सांगितलीच आहे. पण माणूस पुष्कळ चिमण्यांहून मोलाचा, हे वाक्य चिमणीला मोल असेल तरच उभे राहते. शून्याहून मोठे असण्यात कसले समाधान?

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने 1637 साली छापलेल्या ग्रंथात प्राण्यांची तुलना यंत्रांशी केली. घड्याळ जसे चाकांवर चालते, तसेच प्राणी चालतात, त्यांच्या ठायी विचार करणारा आत्मा नाही, असे त्याचे म्हणणे. सेमिनरीत आम्ही याचे खंडन पाठ केले होते. संत थॉमस अक्वायनस प्राण्यांनाही आत्मा मानतात, माणसासारखा अमर नव्हे, पण जाणारा-येणारा, दुखणारा जीव खरा. परीक्षेत या उत्तराला चांगले गुण मिळाले होते. वसईच्या वाळूत मात्र आम्ही देकार्तच्याही पुढे गेलो. यंत्राला आम्ही जीव दिला. “थकली बिचारी,” “दम खाऊ द्या तिला,” असे गाडीविषयी आम्हीच बोललो. आणि जिवंत पक्ष्याला “मग बघू” म्हणालो, जसे मोडक्या वस्तूला म्हणतात.

योनाच्या पुस्तकाचा शेवट तुम्हाला आठवत असेल. आपण मुलांना मासा सांगतो आणि तिथेच थांबतो. पण चौथ्या अध्यायात योना निनवे शहराबाहेर उन्हात बसला आहे. देव एका रात्रीत त्याच्यावर सावली धरणारा वेल उगवतो. योना खूश होतो. दुसऱ्या दिवशी किडा लागून वेल वाळतो, आणि योना इतका संतापतो की मरण मागतो. तेव्हा देव त्याला विचारतो तो प्रश्न आम्हाला फार सौम्य वाटतो. वेलाची कळवळ करू नकोस, असे देव म्हणत नाही. तुला एका वेलाचे इतके वाटते, तर एक लाख वीस हजारांवर माणसे आणि पुष्कळ जनावरे असलेल्या या शहराचे मला वाटू नये काय, एवढेच विचारतो. जनावरांचा उल्लेख तिथे, अगदी शेवटी, मुद्दाम आहे. पुस्तक त्याच प्रश्नावर संपते, योनाचे उत्तर लिहिलेले नाही.

आमचा होज पाइप म्हणजे योनाचा वेल. त्याची काळजी खोटी नव्हती. थेंब पडण्याचा आवाज ऐकू येईल इतके आमचे कान त्या दिवशी तिखट झाले होते. कान होते, डोळे होते, तीन तास होते. चौदा माणसांतला एक जण पक्ष्यापाशी राहू शकला असता. राहिला तो नऊ वर्षांचा.

ही गोष्ट आम्ही खासगीत एका ज्येष्ठ बंधूंना सांगितली. ते शेतकरी आहेत. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “फादर, राग मानू नका. इथं माणूस झाडाला लटकतो. तुम्ही पाखराचं काय घेऊन बसलात?” या प्रश्नाला बगल देता येणार नाही. 2006 साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज दिले, त्यांत आपला बुलढाणा होता. आम्ही स्वतः अशा घरांत जाऊन बसलो आहोत आणि काही बोलू शकलो नाही. ख्रिस्तसभेची शिकवणही स्पष्ट आहे. धर्मशिक्षणग्रंथ प्राण्यांशी दयेने वागायला सांगतो, आणि माणसाच्या दुःखासाठी जे खर्च व्हायला हवे ते प्राण्यांवर उधळू नये हेही सांगतो. प्रेमाला क्रम आहे. ते बंधू त्या क्रमाविषयी बरोबर बोलले.

पण त्या सकाळी आम्ही पक्ष्याला शेतकऱ्यासाठी सोडले नव्हते. पाइपसाठी सोडले होते. हे आम्ही त्यांना सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले, आणि मग त्यांनी आपल्या बैलाची गोष्ट सांगितली, जी इथे लिहिण्याची त्यांनी परवानगी दिलेली नाही.

तो पक्षी वाचला असता का? बहुधा नसता. इतका थकलेला पक्षी जाणकारांच्या हातातही पुष्कळदा मरतो. आम्ही डॉक्टर नव्हे. आणि समुद्रावर जे चालले आहे ते आमच्या टॉवेलने थांबणारे नाही. 2010 च्या ऑगस्टमध्ये मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर झाली आणि शेकडो टन तेल समुद्रात गेले. पिसांना तेल लागले की त्यांच्यातली ऊब जाते. पक्षी ती चोचीने साफ करतो आणि तेच तेल गिळतो. 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरला उतरत्या विमानाची धडक बसून 39 रोहित पक्षी मेले. विमान सुखरूप उतरले, त्याबद्दल देवाचे आभार. पण त्या वस्तीत आकाशातून गुलाबी पक्षी पडत होते. इंग्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यांवर 2022 साली बर्ड फ्लूने समुद्रपक्षी हजारोंनी गेले. त्यांत बूबीचे चुलत भाऊबंद असलेले गॅनेट होते. नंतरच्या मोजणीत त्यांची संख्या तिथे सुमारे एक चतुर्थांशाने घटलेली आढळली. सुट्टीवर आलेली कुटुंबे त्या वाळूवर फिरत होती.

आपल्याला समुद्र नाही, असे म्हणून आपण सुटू शकत नाही. खारे पाणी आपल्याही जिल्ह्यात आहे. लोणारचे सरोवर 2000 साली अभयारण्य झाले, 2020 साली रामसर स्थळ म्हणून जगाच्या यादीत गेले. आपण सहलीला जातो, विवराच्या काठावर डबे सोडतो, फोटो काढतो. काठावर पिशव्या कोणाच्या असतात? मागच्या वेळी एक आपल्याच महिला मंडळाची निघाली, नाव छापलेली. संक्रांतीला आपल्याच गल्लीतल्या तारांवर नायलॉनचा मांजा लोंबत असतो. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली त्यावर बंदी घातली आहे, आणि तो आपल्याच पोरांच्या हातात असतो.

आम्ही ज्या किनाऱ्यावर चुकलो, तो फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचा. हरित वसईसाठी ते रस्त्यावर उतरले, धमक्या आल्या तरी मागे हटले नाहीत. 2020 साली धाराशिवच्या, तेव्हाच्या उस्मानाबादच्या, साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. 25 जुलै 2024 रोजी ते प्रभूघरी गेले. त्यांच्या भूमीवर उभे राहून आम्ही क्लिपच्या मापाची चर्चा करत होतो, हे आठवले की आजही मान खाली जाते. पापनिवेदनात आम्ही ही गोष्ट सांगितली. कर्तव्यात केलेली कसूर या सदरात ती बसते. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी हसून टाळले नाही, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी ही हकिगत तुम्हाला सांगायला लावली.

येत्या पावसाळ्यात आपल्यापैकी कोणी किनाऱ्यावर गेले आणि असा पक्षी दिसला, तर त्याला पाण्यात ढकलू नये. चोच उघडून पाणी किंवा पाव कोंबू नये. मेलेल्याला उघड्या हाताने शिवू नये. बर्ड फ्लू 2021 साली आपल्या शेजारच्या परभणीपर्यंत आला होता. जिवंत असेल तर टॉवेल टाकून अलगद उचलावा, भोके पाडलेल्या खोक्यात कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावा, आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा. लोणारला किंवा आपल्या शेतात पक्षी जखमी दिसला तरी क्रमांक तोच.

यंदाही सप्टेंबरात मोत मावलीला जायचे आहे. नावे सॅक्रिस्टीत द्यावीत, चौदाच जागा आहेत. गाडी तीच आहे. पाइप गळत नाही, दरवाजा मात्र पुन्हा अडकू लागला आहे. मागच्या सीटखाली स्टोव्हशेजारी आता एक पुठ्ठ्याचे खोके असते. त्या मुलाने त्याला पेनने भोके पाडली आहेत, जरा जास्तच मोठी, आणि झाकणावर स्केचपेनने 1926 लिहिले आहे. कोणी त्यात चपला ठेवू नयेत.

तुमचा धर्मगुरू